तापलेल्या इंजिनातलं गार पानी

भिला मूळचा शहाद्याकडचा, पन धडगावची काळी-पिवळी जीप चालवायले लागला आन तिथलाच झाला. बायको लवकर गेली. मागं एकच पोरगी, चेतना. ती सोडली तर त्याचा जीव त्या जीपच्या बोनटमधी.

सकाळी इंजिन थंड असताना तो रेडिएटरचं झाकन उघडायचा, पानी किती शे ते पाहायचा. साधं पानी नही बरं का, डब्यातलं हिरवं, कूलंटवालं. बोअरच्या पान्यानं आपल्या तपेलीले कसा पांढरा थर धरतो, तसाच रेडिएटरच्या नळ्यांमधी बी धरतो, असं सांगायचा. मंग जुन्या ब्रशनं जाळीतले किडे, कुसळं काढायचा, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायचा.

नवनीत ड्रायव्हर चिडवायचा, "भिला भो, गाडीले रोज आंघोळ घालस. तू सवता कवा करस?"

"मन्हा वास आला तं तू नाक धर. गाडी बंद पडनी तं कोन ढकली?"

त्याचा नेम एकच. घाटात इंजिन तापून काटा लालवर गेला की गाडी बाजूले, बोनट वर, आन अर्धा तास कोनी हात लावायचा नही. आत साहेब बसलेला असो नाहीतर नवरदेव.

चेतना चार वरसं पोलीस भरतीच्या मागं व्हती. पळून पळून पायाची नखं काळी पडली. शेवटी ग्राउंड पास झाली, लेखी बी पास झाली. नंदुरबारले कागदं तपासायची तारीख आली, अकराच्या आत हजर राहायचं. पुढच्या भरतीले तिचं वय बसनार नव्हतं, म्हंजे हीच शेवटची.

आदल्या सांजले भिलाले दिसलं, रेडिएटरचा खालचा रबरी पाईप फुगला शे. धडगावात त्या मापाचा मिळाला नही. मंग सायकलच्या ट्यूबची पट्टी कसून गुंडाळली, शहाद्यात बदलू म्हने. पोरीले दुसऱ्याच्या गाडीत बसवावं, असं मनात आलं व्हतं. पन बापाच्याच गाडीतून पोरगी नोकरीले जावी, असं बी वाटलं ना.

घाट चढताना पट्टी सुटली. पानी सगळं रस्त्यावर. भिलानं गाडी थांबवली, पाईप परत बांधला, झऱ्यावरून कॅन भरून आनला, आन कॅन पायाशी ठेवून दगडावर बसला.

चेतनाचा डोळा मोबाईलच्या घड्याळावर. मागून दोन जीपा गेल्या, टपापर्यंत भरलेल्या. तिनं हात केला, कोनी थांबलं नही.

"बाबा, वता ना पानी. उशीर व्हई ऱ्हायना."

"आते नही बेटा. इंजिन तपेल शे, गार पानी पडलं तं तडकी जाई. अर्धा तास थांब."

"अर्धा तास थांबू तं काय उपेग? मंग घरच जाऊत."

गाडीत बाजारले निघालेली फुलीबाई बसली व्हती, टोपली मांडीवर घेऊन. ती म्हनली, "भिलादादा, एक दिवस ऐक की पोरीचं. गाडी काय तुझी सोन्याची हाय का?"

भिला उठला. वीस वरसात जे केलं नव्हतं ते केलं. तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पानी ओतलं. आतून कट् असा आवाज आला. त्याले तिथंच कळलं. तरी त्यानं चावी फिरवली. गाडी चार हात पुढं गेली, मागून पांढरा धूर निघाला, आन इंजिन गपगार झालं. इंजिनाचं वरचं झाकन, हेड, चिरलं व्हतं.

चेतना मंग एका दुधाच्या टेम्पोवर गेली. पोचली तवा दीड वाजला व्हता. खिडकीवरच्या मानसानं यादी दाखवली. तिच्या नावापुढं गैरहजर लिहिलं व्हतं.

जीप भंगारात गेली. आता भिला पुरुषोत्तमनगरले साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन शे, आन चेतना शहाद्यात कापडाच्या दुकानात घड्या घालते. बापलेक एका खोलीत ऱ्हातात, एका ताटात जेवतात, पन त्या दिवसाचं नाव कोनी काढत नही. वरीस असं गेलं.

एक दिवस जेवताना त्याच्याच्यानं ऱ्हाववलं नही. म्हनला, "चेतना, एकदा तरी माले बोल. तुन्ही नोकरी मीच बुडाई."

ती ताटात पाहून म्हनली, "तुम्ही तं थांबेल व्हतात, बाबा. मीच पानी वताले सांगितलं."

भिला समजत व्हता, पोरगी रागात शे म्हनून गप ऱ्हाते. पोरगी तर सवताले खात व्हती. नही बेटा, तसं नही, असं म्हनायले त्यानं तोंड उघडलं. पन कधीमधी त्याच्या बी मनात तेच यायचं, तिनं घाई केली नसती तर. उघडल्या तोंडात त्यानं घास घातला. चेतनानं मान वर करून बापाकडं पाह्यलं, आन त्याच्या मनातलं तिले दिसलं.