विल्फ्रेडची अंथरुणाला खिळलेली बायको

बर्नलीच्या बस-डेपोतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या विल्फ्रेड कॅटरॉलच्या माडीवर चौसष्ट बायका नांदत होत्या. सगळ्या टेलिव्हिजनवर लोकांना हसवणाऱ्या. कुणी खाष्ट सासू, कुणी वेंधळी नर्स. प्रत्येकीचा फोटो, आणि त्यावर तिच्या हातची सही. देखण्या नायिकांचे फोटो जमवणारे गावात पुष्कळ होते. विल्फ्रेडला नायिका नको होत्या. "सुंदर चेहरा जन्मताच मिळतो," तो म्हणायचा. "बादलीत पाय अडकून झकास पडायला अक्कल लागते."

सही हातची की छापील, हे ओळखायची त्याची एक रीत होती. बोट जिभेला लावायचं आणि सहीच्या शेपटीवर हलकेच टेकवायचं. शाई पसरली तर खरी.

डिलिस प्रॉसरची सही दोनदा पसरली नाही. दर गुरुवारच्या विनोदी मालिकेतली भोचक घरमालकीण ती. तिच्या एका भुवईवर सगळा लँकेशायर परगणा खूश होता. दोन पत्रं, दोन छापील फोटो. मग १९७३च्या ऑक्टोबरात विल्फ्रेडनं तिसरं पत्र लिहिलं, आणि त्यात लिहिलं की, माझी बायको एनिड पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली आहे, आठवड्यातून एकदाच हसते, गुरुवारी.

आठ दिवसांत फोटो आला. ‘एनिडला, माझ्या सगळ्यात शूर प्रेक्षकाला.’ बोट टेकवताच शाई पसरली आणि विल्फ्रेड माडीवर एकटाच नाचला. सोबत एनिडला लिहिलेलं चार पानांचं पत्रही होतं. ते वाचल्यावर मात्र तो खाली बसला.

तिथंच थांबता आलं असतं. पण पत्राला उत्तर न देणं वाईट दिसतं, म्हणून त्यानं आभार मानले. तिनं पुन्हा लिहिलं. सहा वर्षांत अकरा पत्रं झाली. आईला स्मृतिभ्रंश झाला आहे, ती मला ओळखत नाही, रंगमंचावर जाताना पाय थरथरतात, हे डिलिसनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते तिनं एनिडला लिहिलं. ‘तू पडल्या पडल्या सगळं सोसतेस, तुझ्यापुढं मला रडायची लाज वाटत नाही.’ आणि विल्फ्रेड उत्तर लिहायचा, ‘एनिड म्हणते, धीर सोडू नका.’ लिहिताना त्याचे कान तापायचे. गुरुवारी मालिका लागली की तो उठून परसात जायचा. एनिडला वाटायचं, याचं मन उडालं त्या बाईवरून.

खरी एनिड अठ्ठावन्न वर्षांची होती आणि दर रविवारी चर्चमधल्या बायकांबरोबर पेंडल हिल चढायची.

आजवर पाकिटावर एकट्या विल्फ्रेडचंच नाव असायचं. १९७९च्या जुलैत आलेलं पत्र मात्र दोघांच्या नावानं होतं, म्हणून ते एनिडनं फोडलं. विल्फ्रेड चहाची किटली घेऊन आला तेव्हा ती चष्मा लावून बसली होती.

"डिलिस प्रॉसर ब्लॅकपूलला आलीये, नाटकाच्या उन्हाळी खेळांसाठी," ती म्हणाली. "रविवारी आपल्याकडं येतेय. मी उठायचं नाही म्हणे, ती पलंगाशी बसेल. विल्फ, मला झालंय काय?"

विल्फ्रेडनं किटली खाली ठेवली. "पाठीचा कणा."

"कधीपासून?"

"त्र्याहत्तरपासून."

"आणि पंचाहत्तरला या खोलीच्या छताला नक्षीचा कागद कुणी चिकटवला? शिडीवर चढून? तू तर खाली उभा राहून डिंक ढवळत होतास!"

"एनिड, एका सहीसाठी..."

"बाकीची आण."

अकराच्या अकरा पत्रं तिनं सलग वाचली. पहिल्या दोनांवर ती हसली, सातव्यावर चष्मा पुसला. शेवटचं घडी घालून ठेवलं तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. "बिचारी सहा वर्षं माझ्याशी बोलत होती, विल्फ. आणि मी तिला एकदाही उत्तर दिलं नाही." मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "रविवारच्या आधी सांगायचं. बुधवारी दुपारचा खेळ असतो. थिएटरजवळच्या ट्रामच्या थांब्यापर्यंत मी येते. दारात तू एकटा जायचंस."

बुधवारी खेळाला तासभर असताना विल्फ्रेड पत्रांचं पुडकं घेऊन थिएटरच्या मागच्या दाराशी उभा राहिला. म्हाताऱ्या दरवानानं त्याच्या हातातलं पुडकं पाहिलं. "सही हवी? बाई खेळानंतर देतात."

"कॅटरॉल आलाय म्हणून सांगा."

"कॅटरॉल? एनिडचे यजमान? अहो, मग इथं काय उभे राहता, या की आत!" दरवानालासुद्धा नाव ठाऊक होतं. विल्फ्रेडला तिथल्या तिथं जमीन दुभंगावी असं झालं.

डिलिस आरशासमोर होती. अर्धा चेहरा रंगवलेला, केस जाळीत बांधलेले. "विल्फ्रेड! राजा, तू इथं? तिला एकटी सोडून? पडली का ती?"

"पडली नाही, बाई. ती कधीच आजारी नव्हती." आणि थांबलो तर संपलो, हे ओळखून त्यानं एका दमात सगळं सांगितलं, ओल्या बोटासकट.

तिनं हातातला रंग खाली ठेवला आणि आरशातूनच त्याच्याकडं पाहिलं.

"आई गेली तेव्हा पुन्हा उभी राहा असं मला कुणी सांगितलं?"

"मी लिहिलं ते."

"दर रविवारी मी तिच्यासाठी प्रार्थना करते. त्या प्रार्थना आता कुणाकडून परत मागू?" ती अचानक वळली. "चालते ती?"

"डोंगर चढते, बाई. बाहेर बसलीये. ट्रामच्या थांब्यावर."

डिलिसनं त्याच्या हातातलं पुडकं काढून घेतलं, पोशाखावर कोट चढवला आणि तशीच अर्ध्या रंगानं बाहेर गेली. विल्फ्रेड तिच्या मागोमाग. समोरच्या बाकावर एनिड मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. डिलिसनं हात वर केला. ट्राम जाऊ देऊन एनिड उठली आणि रूळ ओलांडून यायला लागली. डिलिसची नजर तिच्या पावलांवरून हलेना.

"किती सरळ चालते," ती पुटपुटली. विल्फ्रेडला उद्देशून नव्हे.

एनिड जवळ आली. "मला तुमच्या आईचं परवाच कळलं," ती म्हणाली. "फार उशिरा कळलं."

डिलिसनं पुडकं तिच्या हातात दिलं. "ही तुझी आहेत. लिहिली होती तुलाच. चल, अजून चाळीस मिनिटं आहेत, कोपऱ्यावर चहा बरा मिळतो."

विल्फ्रेडनं पाऊल उचललं.

"तू नाही," एनिड म्हणाली.

दोघी निघून गेल्या. दरवानानं स्टूल पुढं सरकवलं आणि विचारलं, "मिळाली का सही?"

"नाही," विल्फ्रेड म्हणाला, आणि स्टुलावर न बसता त्या वळल्या त्या कोपऱ्याकडं बघत उभा राहिला.