रंगवलेलं घर

माझी ताई प्रयोगशाळेत उंदरांना घाबरायला शिकवते. पगारी नोकरी आहे. पेटीत उंदीर ठेवायचा, घंटा वाजवायची, पाठोपाठ जाळीतून विजेचा बारीक झटका द्यायचा. थोड्याच वेळात नुसती घंटा ऐकून उंदीर जागच्या जागी थिजतो. मग ही भीती घालवायची कशी, यावर तिथले साहेब डोकं खाजवतात. ताई पेटीची जाळी बदलते, भिंतींना रंगीत पुठ्ठे लावते, व्हिनेगरने पुसून वास बदलते आणि झटका न देता घंटा वाजवत राहते. उंदीर निवांत होतो. जुन्या पेटीत परत टाकला, की घंटेसरशी पुन्हा थिजतो.

गेल्या वर्षी ताई नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली. भाऊजी म्हणायचं म्हणून म्हणते, नाहीतर त्या माणसाचं नाव काढायचीही माझी इच्छा नाही. हात उचलायच्या आधी तो टेबलावर तळहात आपटायचा. ताईचं मनगट मोडलं, तेव्हा लोकांना जिन्यावरून पडली म्हणून सांगायचं, ही आईची सूचना. आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आईचं टुमणं चालूच होतं. "सुधारलेत गं ते. घराला रंग दिलाय, पडदे बदललेत. तुझे बाबा काय कमी तापट होते? केलाच ना मी संसार?"

"भिंती मीही बदलते, आई," ताई म्हणाली. "उंदरांसाठी."

मला हसू फुटलं आणि आई दोघींवर भडकली. शेवटी कटकटीला कंटाळून ताई म्हणाली, एकदा जाऊन बघते. आईने तिची बॅगच भरून बरोबर घेतली. म्हणजे मुलीने मान डोलावली रे डोलावली, की तिला तिथेच सोडून यायचं!

आम्ही तिघी गेलो, तर भिंती फिक्या पिवळ्या, टेबल कोरं. भाऊजींच्या जिभेवर तर नुसती साखर. चहा त्यांनी स्वतः केला. ताई खुर्चीत सैलावून टेकली. ही राहते की काय इथे?

तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. पलीकडच्या कुणावर तरी ते चिडले आणि बोलता बोलता त्यांनी टेबलावर तळहात आपटला.

ताईचा कप ओठांपाशी थांबला. ती श्वाससुद्धा घेत नव्हती.

"अगं, तुझ्यावर नाही चिडलो," भाऊजी हसत म्हणाले.

आता आईला चांगलं सुनावायचं म्हणून मी तावातावाने वळले. आईने मान खाली घातली होती. खांदे कानांपर्यंत चढलेले, एक हात डोक्यावर आडवा धरलेला. बाबांना जाऊन किती वर्षं झाली होती. तापट! आम्ही घरात त्यांना आजवर एवढंच म्हणत आलो होतो.

आईने हळूहळू हात खाली घेतला आणि उठून बॅग उचलली.

"चल गं," ती ताईला म्हणाली. "आपल्या घरी."