डांबर संपलं की हवा सोडायची

किस्से साठतात कसे, याचं माझ्याकडे साधं उत्तर आहे. डांबरी रस्त्यावर सायकलवाले एकामागे एक चालतात. पुढच्याला मागच्याचं ऐकू येत नाही, मागच्याला पुढच्याची नुसती पाठ दिसते. मातीच्या वाटेवर चौघं शेजारी-शेजारी जातात. हॉर्न नाही, डंपर नाही, त्यामुळे तोंडं चालू राहतात. मी एकोणतीस वर्षं नोकरी केली, तिथले सांगण्यासारखे किस्से दीड. मलंगगडाच्या पायथ्याच्या आमच्या खडी-मातीच्या वाटेने पोतंभर दिले. त्यातले थोडे सांगतो. मीठमसाला माझा असेल, पण भाजी खरी आहे.

*

मूळचे आम्ही तिघं. मी डोंबिवलीचा. कळव्याचा सावंत सायकलला आरसा, शिट्टी, दिवे, कॉम्प्युटर, सगळं लावून येतो. लांबून बघितलं तर वाटतं लग्नाचा बँड येतोय. आणि कल्याणच्या सुलभाताई, शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या आणि मग सायकल शिकल्या. रविवारी उजाडता उजाडता नेवाळीला भेटायचं, कटिंग मारायची आणि डोंगराकडे सुटायचं.

नियम एकच. डांबर संपलं की उतरायचं आणि दोन्ही चाकांतली निम्मी हवा सोडायची. टणक टायर खडीवर उड्या मारतो, मऊ टायर मातीला धरून चालतो. तर असे आम्ही हेल्मेट घालून रस्त्याकडेला उकिडवे बसलेलो, फुस्स फुस्स चाललेलं, आणि एक टेम्पो थांबला. आतून पांढऱ्या लेंग्यातला एक उंच माणूस उतरला. बाळाराम म्हात्रे. ही वाट जिथे संपते त्या गावचे, आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंची शेतं त्यांचीच. म्हणाले, गाड्या टाका मागे, पंक्चरवाल्याकडे नेतो. सावंतने समजावलं की पंक्चर नाहीये, हवा आम्ही स्वतःच काढतोय.

म्हात्रेंनी तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं.

“पंक्चर नय? मंग दवाखान्यात सोरतो.”

*

पुढच्या रविवारी म्हात्रे स्वतः हजर. माळ्यावरून वडिलांची काळी, जाडजूड सायकल काढून आणलेली. आमच्यासारखेच उकिडवे बसले आणि हवा सोडली. सगळी सोडली. निम्मी सोडायची असते हे कुणी सांगितलंच नव्हतं.

माणूस पूर्ण वाट लोखंडावर चालवत आला. खडखडाट असा की शेतातले बगळे उठून अंबरनाथकडे गेले. गावात पोचल्यावर सायकलवरून उतरून पाचेक मिनिटं जागचे हलले नाहीत. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाले, “बरा वाटला. पर तुमाला ही सवय जाली कशी?”

तेव्हापासून आम्ही चौघं.

*

सावंतच्या बायकोचा फोन वाटेत नेहमी यायचा. एकदा नेमका भर मोकळ्या माळावर आला. चंदेरीच्या सुळक्यावर ऊन यायला लागलेलं, वारासुद्धा नव्हता. वहिनींनी विचारलं, कुठे आहात. हा म्हणाला, डोंगराच्या पायथ्याशी. पलीकडून आवाज आला की ठाणे जिल्ह्यात एवढी शांतता असते होय? कुणाच्या घरी बसलायत, खरं सांगा.

सावंत गडबडला. पुरावा म्हणून त्याने मोबाईल हवेत उंच धरला. करवंदीच्या जाळीत भारद्वाज घुमत होता, अगदी वेळेवर. मोबाईल तसाच धरून ठेवला चांगला मिनिटभर, आणि मग विजयी चेहऱ्याने फोन कानाला लावला.

वहिनी म्हणाल्या, “आणि तिला सांगा, टीव्ही बारीक कर.”

पुढच्या रविवारी म्हात्रेंच्या टेम्पोतून वहिनींना तिथे आणावं लागलं. त्या एका दगडावर बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत. आमच्याशी भांडायचं ठरवून आलेल्या, तेही विसरल्या. निघताना एवढंच विचारलं की हे असं रोज असतं का. म्हात्रे म्हणाले, रोज. आमी काय करनार त्याचा?

आता वहिनी महिन्यातून एकदा तरी विचारतात, त्या दगडाकडे कधी नेताय.

*

सुलभाताई एका उतारावर दर रविवारी पडायच्या. उतार फार नव्हता, पण खाली वळणावर खडी सैल होती. त्या ब्रेक दाबायच्या, चाक सरकायचं, आणि ताई शिस्तीत डाव्या कुशीवर. उठून कपडे झटकायच्या आणि आकडा सांगायच्या. “सतरा.” पुढच्या आठवड्यात, “अठरा.”

वळणावरच्या दोन-चार घरांना पत्ता असा नव्हताच. गावाने ही सोय लगेच उचलली. एकदा एक कुरिअरवाला आम्हाला थांबवून विचारत होता, “बाई पडतात ते वळण कुठे आलं?” सुलभाताईंनी गंभीरपणे सांगितलं, मागे या, दाखवते.

दाखवलं. एकतीस.

*

पण डांबर काही एका जागी थांबायला तयार नव्हतं. पहिल्यांदा आम्ही हवा सोडायचो ती वडाखाली. एका पावसाळ्यानंतर गेलो तर रस्ता वीटभट्टीपर्यंत आलेला. मग पोल्ट्रीच्या शेडपर्यंत. पुढचं तर थेट सिमेंट. दरवेळी आमची फुस्स करायची जागा डोंगराकडे सरकायची आणि उरलेली वाट आखूड व्हायची. “बाई पडतात ते वळण” जेसीबीने एका दुपारी सपाट केलं. ताई तिथे सायकल धरून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “आता मी पडले तर नुसती पडले असं होईल.”

सावंतला हे पटायचंच नाही. वडाखाली आला की उतरायचा आणि हवा सोडायचा. पुढे कित्येक किलोमीटर पक्का रस्ता, मऊ टायरने त्यावर सायकल मारणं म्हणजे चिखलात पाट ओढणं. मी म्हणायचो, अरे बाबा, माती अजून लांब आहे. तो मान खाली घालून म्हणायचा, माझी इथूनच सुरू होते. दोन रविवार आम्ही हसलो. तिसऱ्या रविवारी चौघंही वडाखाली बसलो. बाजूने गाड्या जात होत्या, हॉर्न मारत होत्या. गावात पोचलो ते घामाने निथळत.

*

शेवटी राहिला तो फक्त म्हात्रेंच्या शेतातला तुकडा. दीडेक किलोमीटर, एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला डोंगर. म्हात्रेंनी सही दिली की तिथेही रस्ता होणार. भावांच्या सह्या झालेल्या. म्हात्रेंनी मात्र कागद महिनाभर उशाखाली ठेवला आणि एका रविवारी वाटेच्या मधोमध सायकल थांबवून आम्हालाच विचारलं, “तुमी सांगा. करू का नको?”

मला माझं उत्तर माहीत होतं. सावंतचंही माहीत होतं. चौघं सायकली धरून उभे होतो, आणि त्या वाटेवर चाकं थांबली की झऱ्याचं पाणीसुद्धा ऐकू येतं. मी मनात म्हणत होतो, नको म्हणा, कुणीतरी म्हणा.

मग सुलभाताईंनी म्हात्रेंना विचारलं, गेल्या श्रावणात तुमच्या सुनेला दवाखान्यात कसं नेलेलं? हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. गाडी चिखलात रुतलेली. म्हात्रे आणि भावांनी तिला खाटेवर घालून पक्क्या रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं. नात वाटेतच झाली. दोघी वाचल्या, ते नशीब.

“आपल्या दारापर्यंत रस्ता आहे, म्हणून आपल्याला माती आवडते,” ताई मला आणि सावंतला म्हणाल्या. “सही करा, बाळारामभाऊ.”

परत येताना चौघं शेजारी-शेजारीच होतो. शिकवल्यासारखे सगळे हळू चालवत होतो. वाट संपू नये म्हणून माणूस किती हळू सायकल चालवू शकतो ते मी त्या दिवशी बघितलं. मागून एक म्हातारी मोळी घेऊन आली आणि आम्हाला ओलांडून गेली.

*

कागद घ्यायला ठेकेदाराचा माणूस आला तोही रविवारीच. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल. आम्ही म्हात्रेंच्या ओटीवर बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खात होतो. ऊन चढलेलं, म्हणून सायकली गोठ्यात लावलेल्या. गोठा रिकामाच होता. म्हात्रेंनी शेवटची म्हैस विकून तीन वर्षं झालेली.

तो दाखवेल तिथे म्हात्रेंनी सह्या केल्या. पानं न वाचता, एकेक अक्षर दाबून. शेवटच्या पानावर पेन थांबवलं. म्हणाले, एक अट लिवा. डोंगराच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बैलगाडीएवढी पट्टी माती ठेवायची. डांबर नको, सिमेंट नको, पेव्हर ब्लॉक नको. जमीन माझीच जाते, त्यातूनच सोडा.

तो म्हणाला, काका, कारण लिहावं लागेल.

म्हात्रे म्हणाले, गुरांची वाट हाय. सिमेंटवर खुरं झिजतात.

“गुरं किती?”

“चार.”

तो माणूस उठला आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आत गव्हाणीला चार सायकली टेकलेल्या, सावंतचा आरसा दारातून आलेल्या उन्हात चमकत होता. आम्ही ताटात बघत राहिलो. सुलभाताईंचा घास हातातच राहिला. बऱ्याच वेळाने तो परत आला, मांडी घालून बसला आणि फॉर्मवर लिहिलं, चार.

मग मान वर न करता विचारलं, “त्यातली दुभती किती?”

म्हात्रेंनी सावंतकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. सुलभाताईंकडे बघायचं टाळलं आणि स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला.

“सगली भाकड.”