लवचिकबाईंची भिंत

आर्किटेक्ट बाईंना 'लवचिकबाई' हे नाव नेमकं कोणी ठेवलं, यावर बांधकामाच्या जागेवर कधीच एकमत झालं नाही. कॉन्ट्रॅक्टर प्लंबरचं नाव घ्यायचा, प्लंबर म्हणायचा असली अक्कल कॉन्ट्रॅक्टरचीच. का ठेवलं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नव्या संशोधन इमारतीच्या पहिल्याच बैठकीत बाईंनी 'लवचिक' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, की चहा देऊन बाहेर आलेला शिपाई दुसऱ्या शिपायाला म्हणाला, "आत काहीतरी रबराचं बांधतायत."

बाईंना हा ध्यास लहानपणापासूनचा. वडिलांची बदलीची नोकरी. दर थोड्या वर्षांनी नवं गाव, नवं घर, आणि आईने मागच्या घराच्या खिडक्यांना बेतून शिवलेले तेच ते पडदे. एका घरात ते जमिनीवर लोळायचे, दुसऱ्या घरात गुडघ्यापर्यंत चढायचे. आई म्हणायची, "खिडक्या काही आपल्या मापाने येणार नाहीत." धाकट्या लेकीला वाटायचं, का नाही येणार? आणि मोठेपणी तिने तोच व्यवसाय पत्करला. गंमत एवढीच, की स्वतःच्या घरात लग्नानंतर जे कपाट जिथे ठेवलं, ते आजतागायत तिथेच होतं. नवऱ्याने एकदा नुसतं सुचवून पाहिलं, की कपाट जरा डावीकडे घेतलं तर दार पूर्ण उघडेल. दोन दिवस घरात अबोला होता.

विद्यापीठाची जुनी इमारत म्हणजे बाईंच्या दृष्टीने पापाचा घडाच. नवं यंत्र आलं की एक भिंत पडायची, ते यंत्र जुनं झालं की दुसरी उभी राहायची. एक महागडं यंत्र तर दारातून आत जाईना म्हणून व्हरांड्यातच राहिलं होतं. त्यावर कोणीतरी छत्र्या वाळत घालायचं. बाईंनी ते पाहिलं आणि नव्या इमारतीचा आराखडा त्यांच्या डोक्यात तिथेच तयार झाला. खांब कमी आणि लांब लांब. पाणी, वीज, गॅसच्या नळ्या सगळं छतातून खाली येणार, हवं तिथे जोडता येणार. टेबलांना चाकं. आणि खोल्यांमधल्या भिंती रुळावर सरकणाऱ्या.

"शास्त्र रोज बदलतं," त्या बैठकीत म्हणाल्या, "मग खोलीने का बदलू नये?"

सगळ्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. मग एकेक जण बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "कल्पना झकास आहे. फक्त आमच्या विभागाला लावू नका."

बाई बधल्या नाहीत. कुलगुरूंना 'भविष्य' हा शब्द आवडायचा आणि बाईंनी तो आराखड्यात जागोजागी पेरला होता. इमारत झाली. सरकत्या भिंतीवर तर त्यांचा विशेष जीव. एका बोटाने ढकलली तर लोण्यासारखी सरकायची, आणि वर छतापर्यंत अशी घट्ट बसायची की पलीकडचं अक्षर इकडे येऊ नये. खात्री करायला त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला पलीकडे उभं केलं आणि जोरात बोलायला सांगितलं. तो बराच वेळ हातवारे करत बोलला. बाईंना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"काय बोललात?" त्यांनी नंतर विचारलं.

"काही नाही बाई," कॉन्ट्रॅक्टर घाम पुसत म्हणाला, "मन मोकळं केलं."

आता जागावाटप. संशोधकांनी एकमेकांशी बोलावं, विषयांची सरमिसळ व्हावी, हा इमारतीचा घोषित हेतू. म्हणून समितीने रसायनवाल्या सरांना आणि धातूवाल्या मॅडमना शेजारशेजारची दालनं दिली. मधे बाईंची भिंत. समितीला एवढंच माहीत नव्हतं, की या दोघांत विस्तव जात नव्हता. मॅडम एके काळी सरांच्याच विद्यार्थिनी. दोघांनी मिळून लिहिलेल्या पहिल्या शोधनिबंधावर कोणाचं नाव आधी, यावरून जे बिनसलं ते केस पिकेपर्यंत बिनसलेलंच होतं. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण वर जाताजाता खाली वळायचा.

काही दिवस बरे गेले. मग एका सोमवारी मॅडमना वाटलं, आपली खोली आखडल्यासारखी दिसतेय. त्यांनी टेपने मोजलं. भिंत वीतभर त्यांच्या बाजूला आली होती. पुढच्या सोमवारी सरांची खोली आखडली. लोण्यासारखी सरकणारी भिंत सुट्टीच्या दिवशी कोणाच्याही एका बोटाला पुरत होती. असं होता होता एका सकाळी सरांची गॅसची नळी थेट मॅडमच्या टेबलावर लोंबू लागली. मॅडमनी तिला एक चिठ्ठी बांधली: 'हरवलेली वस्तू. ओळख पटवून घेऊन जावी.'

प्रकरण वर गेलं. प्रशासनाने आदेश काढला, की यापुढे कोणतीही भिंत भिंत-समितीच्या परवानगीशिवाय सरकवू नये. भिंत-समितीत सगळ्या विभागांचा एकेक माणूस, त्यामुळे तिची बैठक काही भरेना. शेवटी बाईंना निरोप गेला: येऊन भिंतीला कुलूप बसवून द्या.

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. तरी त्या आल्या. आधी सरांकडे गेल्या.

"मी कशाला सरकवू?" सर म्हणाले. "भिंत तुमची. तिला उतार असेल."

मग मॅडमकडे. मॅडमनीच आधी विचारलं, "सर काय म्हणाले?"

"भिंतीला उतार असेल म्हणाले."

"बरोबर. त्यांच्याच बाजूने आहे."

मधल्या मार्गिकेत उभ्या राहून बाईंनी विचार केला. आयुष्यात त्यांनी आराखड्यात एक रेघ खोटी मारली नव्हती. पण कुलपाची कल्पना त्यांना सहन होईना. त्यांनी कुलगुरूंच्या कार्यालयात कळवलं, की रूळ सदोष आहे, भिंत कारखान्यात न्यावी लागेल, महिनाभर तरी दोन्ही दालनं एकच राहतील. डोक्यात बेत असा, की भिंतच नसली तर माणसं किती दिवस पाठ फिरवून बसतील?

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो हातातलं ताट तसंच धरून बघत राहिला.

"तू खोटं बोललीस?"

"थोडंसं."

"वा!" तो म्हणाला. "मग आता कपाटाचं बघायचं का?"

"विषय बदलू नकोस," बाई म्हणाल्या.

भिंत गेली. आठवड्याने बाई उत्सुकतेने पाहायला आल्या, आणि सरांच्या दारातच थबकल्या. त्यांच्या भिंतीच्या जागी दुसरी भिंत उभी होती. लोखंडी कपाटं, पुस्तकांच्या फळ्या, यंत्रांची रिकामी खोकी, त्यांवर आणखी खोकी. इकडून सरांनी रचलेली, तिकडून मॅडमनी. वाकडीतिकडी, ना रूळ, ना चाकं, ना दार. एकमेकांशी बोलावं म्हणून शेजारी बसवलेली माणसं एकाच कामावर इतकं मन लावून बहुधा प्रथमच राबली होती. बाईंनी हात टेकले. जवळच्या स्टुलावर बसून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना जरा रडूही आलं.

त्या बसल्या होत्या तेवढ्यात पलीकडे मॅडम विद्यार्थ्यांना समजावू लागल्या. कपाटं काही छतापर्यंत पोहोचत नव्हती. शब्द न् शब्द इकडे येत होता.

"खाऱ्या पाण्यात हा लेप सुटतो," मॅडम म्हणाल्या, "कारण तो पातळ बसलाय."

सरांचा हात लिहिता लिहिता थांबला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. पेन खाली ठेवलं, परत उचललं. मग राहवेना.

"चूक!" ते कपाटांच्या वरून ओरडले. "लेप पातळ नाही. खालचा पत्रा नीट धुतलेला नाही!"

बाई स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

"इथे कोणी विचारलं होतं?" मॅडमचा आवाज आला.

"विचारलं नाही म्हणून तर चुकलं!"

"धुतलाय पत्रा. आम्लानेच धुतलाय."

"कुठल्या आम्लाने?"

"तुम्ही शिकवलं होतंत, त्याच!"

एक विद्यार्थिनी उगाचच बाटली पुसत होती.

"मग," सर जरा हळू म्हणाले, पण ऐकू गेलं, "मग मी चुकीचं शिकवलं असेल."

पलीकडून फक्त एवढंच आलं, "मग बरोबर कुठलं?"

त्या दिवसापासून कपाटांवरून भांडण सुरू झालं ते थांबेचना. रोज सकाळी सर येऊन बसले की पलीकडून एखादं वाक्य यायचं, मुद्दाम जरा मोठ्याने, मुद्दाम जरा चुकीचं. सर गळाला लागायचे. विद्यार्थी दोन्हीकडे वह्या उघडून बसायचे. बाटल्या पोहोचवायला दार नसल्याने पोरांना सबंध मार्गिकेला वळसा घालावा लागे, तेव्हा एक दिवस कोणीतरी एक कपाट जरासं ओढलं. ते परत जागेवर ढकलायचं कोणालाच सुचलं नाही. वर्ष सरायच्या आत त्या लेपावर दोघांचा निबंध छापून आला. नावांचा क्रम वर्णानुक्रमे, कोणाच्याच बाजूने नाही.

सुरक्षा अधिकारी एकदा येऊन गेला. भिंत छतापर्यंत नाही, हे नियमात बसत नाही, असं तो म्हणाला. मग त्याने विचार केला. कपाटं ही भिंत नसून सामान आहे, आणि सामानाला भिंतीचे नियम लागू नाहीत, असा शेरा मारून तो चहा पिऊन गेला.

बाईंची खरी भिंत दुरुस्त होऊन, म्हणजे कधी बिघडलीच नव्हती ती, गोदामात कापडात गुंडाळून पडली. ती परत बसवा, असं कोणीच म्हणेना. बाईंनीही विषय काढला नाही.

इमारतीला पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी कपाटांच्या भिंतीचा मोठा फोटो छापला आणि खाली लिहिलं, की वापरणाऱ्यांनाच आपली जागा घडवू देणारं हे धाडसी नियोजन आहे. समारंभात बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. भाषण लिहून आणलं होतं, ते त्यांनी घडी करून ठेवलं.

"ती भिंत मी केलेली नाही," त्या म्हणाल्या. "मी केलेली भिंत फार चांगली होती. तिच्यातून काही ऐकू येत नव्हतं. तिथेच चुकलं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढा विनय, असं पहिल्या रांगेतले लोक एकमेकांना म्हणाले. कॉन्ट्रॅक्टर मागच्या रांगेत होता. 'काही ऐकू येत नव्हतं' या वाक्याला त्याच्या चेहऱ्यावर मोठं समाधान दिसलं.

लगेच दुसऱ्या एका विद्यापीठाचं काम चालून आलं. तिथल्या बैठकीत बाई 'लवचिक' हा शब्द एकदाही बोलल्या नाहीत. दालनांमधली भिंत छताच्या जरा खाली थांबवू या, आवाज इकडून तिकडे जाऊ दे, एवढंच त्यांनी सुचवलं. सगळ्यांना पटलं. मग अग्निसुरक्षेच्या माणसाने नियम काढला, धूर पसरतो म्हणाला. हवा खेळवणाऱ्या यंत्रणेचा इंजिनिअर म्हणाला, थंडावा गळेल. प्राध्यापकांपैकी एकाने बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "कल्पना झकास आहे, पण माझ्या शेजारी कोण बसणार आहे ते तुम्हाला माहीत नाही."

बाई त्याच्याकडे बघून हसल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, पण वाद घातला नाही. आराखड्यावर त्यांनी भिंतीची रेघ पेन्सिलीने छतापर्यंत नेली, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.