शिंगाळ्याचं खरं नाव

ज्याच्या डब्यातला घास खाल्लात, ज्याच्या शेजारी उभं राहून उमेदीची वर्षं घालवलीत, त्या माणसाचं पूर्ण नाव कोर्टात सांगता येईल तुम्हाला? हसू नका. ल्युशस टॉलिव्हरला नाही आलं.

अलाबामातल्या आमच्या खाडीवरच्या जहाज कारखान्यात नाव विचारणं म्हणजे आगाऊपणा. खरं नाव फक्त फोरमन घ्यायचा, तेही कामावरून काढताना. म्हणून जो तो टोपणनावाने. मी वेल्डर, तोंडाळ, मी ‘भोंगा’. ल्युशस जेवणाच्या सुट्टीत बायबल सांगायचा, तो ‘पाद्री’. आणि पोती वाहणारा, शिंगाळ्या माशासारख्या लोंबत्या मिशांचा, तो ‘शिंगाळा’.

पोत्यांत ॲस्बेस्टॉसची पूड. शिंगाळा ती ट्रकवरून उतरवायचा, फोडायचा, पाण्यात कालवायचा. पाद्री तो गिलावा बॉयलरच्या नळांवर हाताने थापायचा. जहाजाच्या पोटात नुसतं धुकं. तसाच पांढराफटक पाद्री घरी जायचा आणि त्याची बायको, मिस अर्लीन, ते कपडे मागच्या पायरीवर झटकायची. ही पूड जीव घेते, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले.

आता म्हातारपणी पाद्रीच्या फुप्फुसाच्या आवरणाला कॅन्सर निघालाय. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून खुर्चीतच झोपतो.

आमच्या वकीलबाईने आम्हाला समजावलं. कारखान्यावर खटला भरता येत नाही, तिथे कायद्याने ठरलेली भरपाई तेवढी मागायची. खटला उभा राहतो तो पूड बनवणाऱ्या कंपनीवर. मुदत आजार कळल्यापासून धरतात, ती आम्ही चुकवली नाही. पण पोती त्याच कंपनीची होती हे सांगणारा माणूस हवा. पाद्रीने काय, मी काय, पाहिला तो कालवलेला गिलावा. पोत्यावरचा छाप रोज पाहिला शिंगाळ्याने.

पाद्रीची जबानी घरीच झाली, कॅमेऱ्यासमोर. कंपनीचा वकील मधाळ आवाजात म्हणाला, “मिस्टर टॉलिव्हर, पोती उतरवणाऱ्याचं नाव?”

“शिंगाळा.”

“आडनाव?”

“माशाला आडनाव असतं का, साहेब?”

आम्ही हसलो. वकीलही हसला आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही. त्याला हवं ते मिळालं होतं. मी उठलो होतो त्याची गचांडी धरायला. वकीलबाईने माझी बाही धरून ठेवली.

तो गेल्यावर पाद्रीने विचारलं, “अर्लीन, तो आपल्या लग्नाला होता ना गं?”

“होता की. आईने त्याला तळलेला बोय मासा दोनदा वाढला.”

“मग तिने नाव विचारलं असेल.”

“तिने विचारलं, ‘आणखी घेतोस का रे बाळा?’ जेवणाऱ्याला नाव कोण विचारतं?”

पाद्री रडू लागला. धड रडताही येईना, धाप लागली. मिस अर्लीनही खोकते हल्ली. तपासून घे म्हटलं की म्हणते, “एका घरात एक पुरे.”

युनियनकडे खरी नावं आहेत, टोपणनावं नाहीत. मी चर्चमागून चर्च पालथं घातलं. एका ठिकाणच्या म्हातारीने टोमणा मारला, “अरे, या खाडीवर दगड मारलास तर शिंगाळ्यालाच लागेल.” एका थडग्यावर ते नाव सापडलंही. तो निघाला कोळंबी पकडणारा, कारखान्याचं तोंडही न पाहिलेला.

सुनावणी पुढच्या महिन्यात. साक्षीदार नाही तर दावा फेटाळा, असं कंपनी मागणार, आणि न्यायाधीश फेटाळतील. पाद्री काल मला म्हणाला, “भोंग्या, मी जातोच आहे. पण ती एकटी आजारी पडेल, आणि तिच्या हातात काही नसेल.”

म्हणून तुम्हालाच सांगतो. तुमच्या घरात, शेजारात एखादा म्हातारा असेल, जहाजावर पोती वाहिलेला, लोंबत्या मिशांचा. कदाचित तोही खोकत असेल. आज त्याच्याजवळ बसा. पाद्री कोण, ते विचारा. ओळखलं त्याने, तर त्याचं पूर्ण नाव मला कळवा.