निळ्या कोटातला जावई

गंगाखेडच्या बसस्टँडसमोर शिवकांतअप्पांचं फ्रेमचं दुकान आहे. फ्रेम लाकडाची नव्हे, कॉम्प्युटरवरची. सोनेरी वेलबुट्टी, चार कोपऱ्यांत चार मोर, वर तोरण, खाली कलश आणि या सगळ्यांनी मेहरबानी करून सोडलेल्या जागेत माणूस. वाढदिवस असो की श्रद्धांजली, मोर तेच. वाढदिवसाला फुगे, श्रद्धांजलीला समई, एवढाच फरक. फुगे आणि समई फोटोशॉपच्या एकाच फाइलमध्ये एकावर एक ठेवलेली. एक झाकलं की दुसरं दिसतं आणि माणूस बसल्या जागी या लोकातून त्या लोकात जातो.

पण अप्पांचं खरं कर्तृत्व लग्नाच्या बायोडाटात. फ्रेमबंद बायोडाटा फोनवर आल्याशिवाय आता सोयरीक हलत नाही. त्यासाठी अप्पांनी एक निळा कोट सांभाळला होता. इंटरनेटवरच्या कुणा परदेशी गड्याचा, गळ्यापासून खालचा. खत विकणारे, तासिकेवर शिकवणारे आणि काहीच न करणारे, अशी तालुक्यातली निम्मी उपवर मुलं तो कोट घालून मोकळी झाली होती. सगळ्यांचे खांदे सारखे, खिशातला रुमालही सारखाच. गळ्याच्या वरही अप्पा हात आखडता घेत नसत. हनुवटी कोरायची, रंग उजळायचा, केस बसवायचे. केसांचं फोल्डर वेगळं होतं. देवाने जे कमी दिलं ते भरून काढण्याला अप्पा सेवा म्हणत आणि तिचे पैसे आगाऊ घेत.

कुणाचं नाव-गाव ते वाचत नसत. हलवाई लाडू मोजतो, चाखत नाही.

अडचण घरातच होती. मुलगी धनश्री, बी.कॉम. झालेली, दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसणारी. चष्मा जाड, बोलणं सरळ. पाहुणे येत, पोहे खात, ‘कळवतो’ म्हणत आणि कळवत नसत. अप्पांच्या मते दोष चष्म्याचा, आई गौराबाईंच्या मते जिभेचा. यंदा लग्न जमवायचंच, नाहीतर भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं अप्पांनी मनाशी घेतलं आणि मुलीच्या फोटोला स्वतः हात घातला. चष्मा गेला, कपाळावरचा व्रण गेला, रंग तीन पायऱ्या वर चढला. धनश्रीने स्क्रीनकडे बघून विचारलं,

“अप्पा, ही कोण हाय?”

गिऱ्हाईकाच्या नजरेनं बघ, असं सांगून अप्पांनी बायोडाटा धाडला तो भुजंगअप्पांना. भुजंगअप्पा म्हणजे लांबचे नातेवाईक. कुणी न सांगता जिल्हाभर सोयरिकी जमवणारे. त्यांच्याकडून उलट बायोडाटा आला. चारठाण्याचा महांतेश, स्वतःचं कृषी सेवा केंद्र, एकुलता एक, घरी आई रुद्राणीबाई. फोटोत निळा कोट आणि भरघोस केस.

अप्पा हरखले. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि गौराबाईंना म्हणाले, “केस बघ पोराचे. आन कोट आपलाच हाय. म्हंजे घराण्याला पारख हाय.”

धनश्री भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कोट आपला, तर केस कुणाचे?”

पोरीला कायम वाकडंच सुचतं, असं म्हणून अप्पांनी रविवार पक्का करून टाकला. सबंध तालुक्याला ज्याने फसवलं त्या कारागिराला आपलाच माल नवा म्हणून विकला गेला होता, आणि त्याला तो आवडलाही होता.

रविवारी दारात जीप थांबली. भुजंगअप्पा उतरले, रुद्राणीबाई उतरल्या, मुलाचे मामा उतरले आणि गाडी चालवणारा टकलू गडीही उतरला. अप्पांनी तिघांना हात जोडून ‘शरणार्थ’ म्हटलं, आत नेलं आणि चौथ्याला ओसरीवरचं बाकडं दाखवलं.

“डायवरसाब, तुमी हितं सावलीला बसा. चहा धाडतो.”

तो बसला. आत पाणी झालं, वाटेतल्या खड्ड्यांची चौकशी झाली. मग अप्पांनी अदबीने विचारलं, जावईबापू मागून येणार काय?

रुद्राणीबाई म्हणाल्या, “त्याला तर तुमीच भायेर बसवलाव.”

तेवढ्यात धनश्री पोहे घेऊन आली, चष्मा लावून, कारण त्याशिवाय बशी कुणाच्या मांडीत गेली असती ते सांगता आलं नसतं. रुद्राणीबाईंनी बशी घेतली आणि गौराबाईंना म्हणाल्या, “बाई, आता मुलीला बोलवा.”

एरवी अशा वेळी एक पक्ष चिडून उठतो. पण चिडायला आपली पाटी कोरी लागते, आणि ती त्या खोलीत कुणाचीच नव्हती. मामा छताकडे बघत होते, अप्पा मामांकडे. आणि अप्पांना आठवलं: हाच मामा दिवाळीत दुकानात उभा राहून ‘जरा दाट करा’ म्हणाला होता आणि नाव-गाव आम्हीच टाकतो म्हणून फाइल घेऊन गेला होता. भुजंगअप्पांनी चारठाण्याच्या जुन्या देवळांची माहिती सांगायला घेतली. ती कुणी मागितली नव्हती.

हीही सोयरीक गेली, असं धरून अप्पा ओसरीवर माफी मागायला उठले. पण धनश्री आधीच चहा घेऊन बाहेर गेली होती. अप्पा खिडकीशी थबकले.

“मी धनश्री. चष्मा हाय. फोटोत नव्हता.”

“मी महांतेश. केस न्हाईत. फोटोत होते.”

“ते आमच्या दुकानातले हायत.”

“मग वापस घ्या. आता उन्हाळ्यात उकडतंय त्यानं.”

धनश्री हसली. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात या घरात हसू पहिल्यांदाच ऐकू आलं. मग तिने विचारलं, अजून काय खोटं हाय? त्याने सांगितलं, उंची. मामांनी दोन बोटं वाढवली. आणि तुमचं?

“स्वभाव मनमिळाऊ, आसं लिवलंय.”

“ते कळलंच,” महांतेश चहा पीत म्हणाला.

रुद्राणीबाईंनी निघताना रिवाजाप्रमाणे ‘कळवतो’ म्हणून बघितलं. मुलगा म्हणाला, मी हितंच हाय की, कळवायचं काय? मला पसंत हाय. धनश्रीनेही होकाराची मान हलवली. भुजंगअप्पांनी सगळं श्रेय जागच्या जागी ताब्यात घेतलं.

साखरपुड्याच्या बॅनरसाठी अप्पांनी सवयीने निळा कोट उघडला. धनश्रीने त्यांच्या हातातला माउस काढून घेतला. महांतेश त्याच्या चौकटीच्या हाफ शर्टात, ती चष्म्यात, भोवती एक बारीक रेघ. अप्पांनी वाद घातला. लोक म्हणतील, अप्पाला काम येत न्हाई. गौराबाई म्हणाल्या, या दुकानातून पहिल्यांदाच वळखू येणारी माणसं निघालीत, निघू द्या.

कार्यालयाच्या दारात बॅनर लागलं. पाहुणे त्याच्याकडे बघत, मग जोडप्याकडे, आणि नवरा कुठला हे कुणालाही विचारावं लागलं नाही. कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर टाकायला अप्पांनी मात्र साफ नकार दिला होता.