माझ्या आकड्यामागचं शून्य

"सुखदेवभाऊ, हा ट्रकचा काटा हाय. मासोळ्या मोजाचा नाही."

सुखदेव तळ्यावरून आला होता. डोक्यावर टोपली, अन् थेट काट्याच्या लोखंडी प्लेटवर उभा. "पाहा ना जी, किती भरली," म्हणे.

"दोनशे किलोच्या खाली हा काटा नीट सांगत नाही. समोरच्या राइस मिलमध्ये पोत्याचा काटा हाय. तिकडं जा."

"एवढा मोठा काटा, अन् एवढीशी टोपली नाही उचलत?" असं बडबडत तो गेला.

नाकाडोंगरीच्या रस्त्यावर आमचा धर्मकाटा आहे. खाणीचा माल, धान, रेती, सगळे ट्रक आमच्या प्लेटवरून जातात. मी बावीस वर्षांपासून इथं काटेवाला आहे. शाळा चौथीपर्यंत. पण काट्यातलं मला कोणी शिकवू नये. रिकाम्या ट्रकचं वजन म्हणजे टेअर. भरलेल्याचं ग्रॉस. दोघांतला फरक तो नेट, म्हणजे खरा माल. आमचा काटा दहा-दहा किलोच्या उडीनं चालतो. मधला आकडा तो दाखवतच नाही. ट्रकला दहा किलोनं काय होते? दर वर्षी वजनमापाचा साहेब येतो, तपासतो, शिक्का मारतो. त्या शिक्क्याचा मला अभिमान आहे.

सुखदेव गेल्यावर, जेवणाच्या वेळेस रस्ता सुना पाहून, मी स्वतः प्लेटवर जाऊन उभा राहिलो. बाहेरच्या डब्यावर लाल आकडा आला. १००. मागच्या महिन्यात १००. त्याच्या मागच्या महिन्यातही १००.

आता मागचं सांगतो. दिवाळीनंतर नागपूरला माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. पोट कापून लहान करतात, मग वाटीभर खाल्लं की भरते. गुडघे गेले होते, शुगर वाढली होती, खुर्चीतून उठायला दोन माणसं लागायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन एका दिवसाचं, सांभाळणं जन्माचं. म्हणून त्यांनी अशाच ऑपरेशनवाल्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मला टाकलं. तिथं सगळे आपलं वजन टाकतात, काय खाल्लं ते लिहितात, एकमेकांना धीर देतात. ग्रुपची अॅडमिन मोहाडीची कुंदाताई. अंगणवाडीत काम करते. तिचं ऑपरेशन माझ्या तीन वर्षं आधीचं.

घरच्या चिमुकल्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. पाय सरकवला की किलोभर बदलते. म्हणून मी शिक्क्याच्या काट्यावर वजन करून टाकायचो. १३०, १२०, ११०. ग्रुपवाले टाळ्यांची चित्रं पाठवायचे. मग आलं १००, अन् तिथंच अडकलं.

कोणीतरी लिहिलं, "काकाजी, गोडधोड तर नाही ना होऊन राहिलं?"

माझं डोकं सणकलं. या वयात चोरून खाण्याचा आळ. मी लिहिलं, "माझा काटा खोटा नाही अन् मीही नाही." अन् ग्रुप सोडून दिला. नागपूरच्या तपासणीलाही गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं?

मग मी खाणंच कमी केलं. अंडी बंद, डाळ बंद. सकाळ-संध्याकाळ भाताची पेज. डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीच्या गोळ्या भुकेल्या पोटी सोसत नव्हत्या, त्याही सोडल्या. म्हटलं, पाहू कसा हलत नाही आकडा.

सुखदेव आला त्या दिवशीही आकडा हलला नाही. मी हललो. खाणीचा ट्रक प्लेटवर होता, मी पावती फाडत होतो, अन् डोळ्यांपुढं अंधार आला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात घालून माझी कॉलर धरली, नाही तर टेबलावर तोंड आपटलं असतं. पावतीवर मी टेअरच्या जागी ग्रॉस लिहून बसलो होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मालक आले. "काका, आठ दिवस घरी राहा. असंच राहिलं तर दुसरा माणूस पाहावा लागेल."

मी पावतीबुक मिटून उठलो. ती खुर्ची गेली तर माझ्याजवळ काय उरते, हे मलाच माहीत होतं.

घरी आलो तर मोबाईल वाजत होता. कुंदाताई. आधी दोनदा तिचा फोन मी कापला होता. यावेळी बायकोनं उचलला अन् सगळं ओकून टाकलं. "पेजेवर हाय वो. केस मुठीनं जाऊन राहिले. आज तर कामावर पडले असते." अन् फोन माझ्या कानाला लावला.

"काकाजी, ग्रुप काहून सोडला?"

"वजन उतरत नाही अन् लोक चोर म्हणते. राहून काय करू?"

"ते राहू द्या. मी तुमचे सगळे आकडे काढून पाहिले. तुमच्या आकड्याच्या मागं दरवेळी शून्यच काहून राहते?"

"कारण माझा काटा..."

"कोणता काटा हाय तुमचा?"

"ट्रकचा."

ती म्हणाली, "काकाजी, अंगणवाडीत आम्ही लेकरांचं वजन ग्रॅममध्ये लिहितो. उद्या लेकरू तुमच्या प्लेटवर आणून ठेवू का?"

मला सुखदेवची टोपली आठवली. दोनशे किलोच्या खाली हा काटा नीट सांगत नाही. माझ्याच तोंडचे शब्द. आकडा शंभर असला की माणूस पंच्याण्णवही असू शकते अन् एकशे चारही.

सकाळी मी राइस मिलमध्ये गेलो. रस्ता ओलांडायला दोन मिनिटं लागतात, मला तीन महिने लागले. पोत्याच्या काट्यावर उभा राहिलो. हमाल जमले.

"काकाजी, बारदाना कापाचा का?" एकानं विचारलं. बारदाना म्हणजे रिकामं पोतं. धान मोजताना त्याचं वजन वजा करतात.

"चपला काढल्या ना बे. आकडा वाच."

"पंच्याण्णव किलो आठशे."

दुसऱ्यांदा वाचायला लावलं. तेवढंच. म्हणजे तीन महिने मी उतरतच होतो. आणखी किलोभर गेला असता तर माझ्या काट्यानं एकदम ९० दाखवलं असतं, अन् मी गावात पेढे वाटले असते. बारदान्याच्या थप्पीवर मी बसलो. हमालानं पाणी आणून दिलं. घोट-घोट प्यालो.

त्याच दिवशी नागपूरला गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ताकद फार कमी झाली होती, पण वेळेत आलो म्हणाले. बोलणी खाल्ली. गोळ्या, अंडी, डाळ परत सुरू. आठ दिवसांनी खुर्चीवर बसलो. मालकानं माझ्या चार पावत्या उलटसुलट पाहिल्या अन् ठेवून दिल्या.

कुंदाताईनं ग्रुपमध्ये परत घेतलं. मी लिहिलं, "९५.८००. आधीचे आकडे ट्रकच्या काट्याचे होते." दिवसभर लोक हसले. हसू दिलं. आता नवीन कोणी लिहिते की वजन अडकलं, तर सगळ्यांच्या आधी मी विचारतो, काटा कोणता?

माझा काटा आजही खरा आहे. शिक्का आहे त्याच्यावर. फक्त तो ट्रकसाठी आहे, अन् मी आता ट्रक राहिलो नाही.

परवा सुखदेव परत टोपली घेऊन प्लेटवर चढला. मी म्हटलं, "चाल, समोर जाऊ. मलेही मोजाचं हाय."